यादीत नाव नसलेला आपला संगणक

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलेत की बर्डीवरच्या दुकानदाराने आपला संगणक उघडून पाहिला आणि दोन पर्याय पुढे ठेवले: बेचाळीस हजारांत नवीन संगणक, किंवा पंधराशे रुपयांत याच संगणकावर विंडोज ११ "टाकून देतो". कृपा करून दोन्हींना नकार कळवा. त्या वेळी मला कारण धड सांगता आले नाही, कारण तुम्ही लगेच "सगळं चालतंय, मग बदलायचंच कशाला?" असे विचारलेत, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते.

संगणक चालतो आहे, यात शंका नाही. २०१७ च्या जूनमध्ये आपण दोघांनी बर्डीवर पायी फिरून एकेक भाग घेतला होता. आय५-७४०० प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, आणि कॅबिनेट तुम्ही घासाघीस करून तिसऱ्याकडून घेतले होते. नागपूरचे आठ उन्हाळे त्याने काढले, त्याचे श्रेय दर एप्रिलमध्ये ब्लोअर घेऊन बसणाऱ्या तुम्हालाच आहे. प्रश्न यंत्राचा नाहीच. त्यावरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरपर्यंतच मोफत सुरक्षा-अपडेट दिले. त्यानंतर सापडणारी भोके आपल्या संगणकावर उघडीच राहतील. अँटिव्हायरस आहे, असे तुम्ही म्हणाल. पण अँटिव्हायरस हा दाराशी बसलेला राखणदार आहे. भिंतीला पडलेले भगदाड बुजवणे त्याच्या हातात नसते. आपण हा संगणक घेतला त्याच्या एकच महिना आधी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांचे संगणकही आदल्या दिवशीपर्यंत उत्तम चालत होते.

मग सरळ विंडोज ११ का मिळत नाही? दिवाळीत तुम्ही दोघे दुपारी झोपला होतात तेव्हा मी हेच पाहत बसले होते. अडथळे तीन निघाले. पहिला टीपीएम २.० चा. ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय आपल्या मदरबोर्डात इंटेलच्या पीटीटी या नावाने आधीपासून आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद होती. ती मी सुरू केली. दुसरा अडथळा असेंबल करणाऱ्याने ठेवलेला. त्याने तेव्हा डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने बांधली होती, त्यामुळे विंडोज ११ मागते तो सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, लागत नव्हता. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने, आधी सगळ्या फायलींची प्रत काढून, मी ती डिस्क न पुसता बदलून घेतली. तिसऱ्या अडथळ्यापाशी मात्र हात टेकले. विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेलच्या प्रोसेसरांची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते आणि आपला सातव्या पिढीतला आहे. बाबा, तुम्ही तीस वर्षे सरकारी कचेरीच्या खिडकीमागे काढलीत, तेव्हा हे मी तुम्हाला वेगळे समजवायला नको: सगळे दाखले जोडलेले आहेत, पण यादीत नाव नाही. तुम्हाला आवडेल असा एक तपशील सांगते. सातव्या पिढीतले काही मोजके प्रोसेसर मागाहून यादीत घेतले गेले, आणि त्यांतला आय७-७८२०एचक्यू हा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात बसवलेला होता. घरच्या माणसाचे नाव यादीत कसे येते, हे तुम्ही मला अनेकदा सांगितले आहे.

दुकानदार पंधराशेत जे करणार आहे, ते म्हणजे या यादीला वळसा घालणे. तसा वळसा आहे. रूफस नावाच्या साधनाने पेनड्राइव्ह असा तयार करता येतो की विंडोज ११ बसताना टीपीएम आणि प्रोसेसर तपासलेच जात नाहीत. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतली, एक नोंद बदलण्याची अशीच एक युक्ती तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच एकेकाळी सांगून ठेवली होती आणि पुढे काढून टाकली. म्हणजे मलाही हे दिवाळीत करता आले असते, पण मी मुद्दामच केले नाही. असे बसवलेल्या विंडोजला महिन्याची सुरक्षा-अपडेट एरवी येत राहतात, पण ती मिळतीलच असा आपला हक्क नाही, हे कंपनीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. शिवाय दर वर्षी निघणारी नवी आवृत्ती अशा संगणकावर आपोआप येत नाही, आणि घरगुती विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षा मिळते ती दोनच वर्षे. म्हणजे दर दोन वर्षांनी तरी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन तुमच्यासमोर बसले पाहिजे. नियमही मध्येच बदलतो: २४एच२ या आवृत्तीपासून काही फार जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ सुरूच होत नाही. आपला त्यात सापडला नाही, इतकेच. मी नागपुरात राहत असते तर हा खटाटोप हौसेने केला असता. मी पुण्यात असताना तुम्ही अपडेटसाठी दुकानदारावर अवलंबून राहावे, हे मला मान्य नाही. त्यातून, तुम्ही खोदून विचारल्यावर त्याने "लायसन्सची काळजी करू नका" असे सांगितले, याचा अर्थ तो अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेताच विंडोज चालू करून देणारे चोरटे साधन, वापरणार. असली साधने चालवताना बहुधा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो. सोसायटीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर हे नको.

यासाठी मी ठरवले आहे ते असे. विंडोज १० ला आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा-अपडेट देण्याची एक योजना मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. ती ३० डॉलर भरून घेता येते, पण मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून संगणकाच्या सेटिंगची प्रत त्यांच्याकडे ठेवू दिली तर एक पैसाही लागत नाही. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. ती आपल्याकडे आहे, मी पाहिली. या योजनेत नवी सोय काही मिळणार नाही, भोके तेवढी बुजत राहतील, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

खाते उघडायला बाबांचा विरोध असणार, हे मी धरूनच चालले आहे. आपल्या घरातले कागद परक्याच्या कपाटात कशाला, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण इथे द्यायच्या त्या फक्त सेटिंग. फायलींचे फोल्डर पाठवायचे की नाही हे वेगळे विचारले जाते, आणि ते आपण बंद ठेवू. आई, तू आजोबांच्या वह्या टाइप केल्या आहेस आणि पाने स्कॅन केली आहेस, त्यांचे काय होईल असे तू दिवाळीत दोनदा विचारलेस. ते सगळे आहे तिथेच राहील. त्या खात्यात मोफत मिळणाऱ्या पाच जीबी जागेत तुझे स्कॅन मावणारही नाहीत. मी त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली असून ती डिस्क तुझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, ठेवली आहे. नवे काही टाइप केलेस की महिन्यातून एकदा ती जोडून प्रत काढत जा. तू एवढी वर्षे शाळेतल्या मुलांच्या वह्या सांभाळल्यास, हे त्यापेक्षा अवघड नाही.

वर्षानंतर काय, हेही बोलायला हवे. माझा कल लिनक्स मिंटकडे, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या एका मोफत प्रणालीकडे, आहे. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि प्रोसेसरची पिढी ते विचारत नाही. अडचण एकच दिसते. बाबांच्या एक्सेलमधली सोसायटीची वही मिंटवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडेल, पण त्यात तुम्ही रचलेले मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, जसेच्या तसे चालतील असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून बघता येतो. मे महिन्यात मी येईन तेव्हा आपण ती वही त्यावर उघडून पाहू, आणि ती नीट चालली तरच पुढचे ठरवू. तोवर नव्या संगणकासाठी एक रुपयाही काढू नका.

येत्या शनिवारी, १५ तारखेला, रात्री नऊ वाजता मी फोन करीन. संगणकावर क्विक असिस्ट, म्हणजे मला इथून तुमचा संगणक हाताळू देणारे विंडोजचे साधन, उघडायचे, मी सांगितलेला कोड त्यात भरायचा, आणि पुढचे मी इथून करीन. मायक्रोसॉफ्टमधून बोलतो म्हणून दुसऱ्या कुणाचाही फोन आला, तो कितीही अदबीने बोलला, तरी त्याने दिलेला कोड भरायचा नाही आणि आपल्याकडचा कोणताही कोड त्याला सांगायचा नाही. मायक्रोसॉफ्ट कुणाला असा आपणहून फोन करत नाही.

तुमची,
मृणाल

ता. क. बाबा, दुकानदाराने कॅबिनेट उघडले होते ना? बाजूचा पत्रा नीट बसला आहे का आणि मागचे दोन्ही स्क्रू जागेवर आहेत का, ते शनिवारच्या आत पाहून ठेवा. यूपीएसही चार्ज करून ठेवा. अपडेट सुरू असताना लाइट गेलेली परवडणार नाही.