नासलेल्या नमुन्याचा आकडा छापता कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात माझ्या सासूबाईंची रक्ततपासणी होती. वय ७६, बीपीची गोळी रोजची, म्हणून अधूनमधून साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम करावं लागतं. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी लॅबमध्ये पोचलो.

रक्त घेणाऱ्या मुलाने दंडाला पट्टा आवळला. शीर सापडेना. ‘आजी, मूठ उघडझाप करा, जोरात,’ असं सांगून तो पुढच्या माणसाचं नाव लिहायला वळला. पट्टा तसाच. हात निळसर पडायला लागला तेव्हा मीच म्हटलं, अहो, सोडा तो. दुसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं, तेही थेंबथेंब. मग त्याने सुई न काढताच सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबून ते नळीत सोडलं. नळीत फेस आलेला मी पाहिला. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

रात्री पावणेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.८, ठळक अक्षरात. आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एवढ्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीत न्या. सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. ऑटोत माझा हात घट्ट धरून कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे, ते सांगत होत्या.

मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, ईसीजी ठीक निघाला. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि तळाशी बारीक इंग्रजीत छापलेली ओळ दाखवली: नमुना हिमोलाइज्ड. म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या. पोटॅशियम या पेशींच्या आत भरलेलं असतं. त्या फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाप केली, तरीही तो वाढतो. पुन्हा रक्त घेतलं. सिस्टरनी मूठ वळू दिली नाही, रक्त येऊ लागताच पट्टा सैल केला. रिपोर्ट आला ४.४.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘खाली लिहिलंय ना, मॅडम.’

पेशी फुटल्या की नळीतलं वरचं पाणी पिवळसर न राहता लालसर होतं. ते लॅबला दिसलं होतं, म्हणून तर ती ओळ आली. मग त्याच दुपारी ‘आजींना पुन्हा घेऊन या’ असा फोन का नाही केला? ४५ अंशांच्या उन्हातही आम्ही गेलो असतो. आणि आकडा खरा वाटला असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. ती ओळ कुणीच वाचली नसती तर पोटॅशियम उतरवायला सासूबाईंना इन्सुलिन दिलं गेलं असतं, या विचाराने अजून झोप उडते.

रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. आमच्या रिपोर्टवर ती होती, स्कॅन केलेली. सही ज्यांची, त्यांनी तो ६.८ पाहिला होता का?

शहरातल्या लॅबचालकांना कळकळीची विनंती आहे. नमुना लाल दिसला तर पोटॅशियमच्या जागी आकडा छापूच नका. तिथे मराठीत ‘पुन्हा रक्त द्यावे’ असं लिहा आणि रात्र व्हायच्या आत फोन करा.

— एक वाचक, महाल, नागपूर