क्लास सोडलाय, पण ते सोडत नाहीयेत

प्रिय मंजू,

किती दिवस लिहीन लिहीन म्हणतेय, रागावली असशील तर खुशाल रागाव पण आधी हे वाच. आईचं बीपी ठीक आहे, माझी पाठ तशीच. सईचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास मी बंद केला. म्हणजे मी केला, ते करू देत नाहीयेत.

तिला स्प्लिट पूर्ण जमत नाही म्हणून सरांनी सगळ्या बॅचसमोर भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि पोरगी घरी येऊन एक अक्षर बोलली नाही. मला कळलं ते कपडे धुताना, लिओटार्डची बाही चावून चावून भोक पाडलेलं. आठ वर्षांची आहे गं ती! दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, येणार नाही. तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्मची मागची बाजू पुढे केली. दोन महिन्यांची नोटीस, लेखी, तीही तिमाही सुरू व्हायच्या आधी. तिमाही सुरू झाली 1 जुलैला, मी सांगितलं 4 तारखेला, म्हणजे ही तिमाही गेलीच, नोटीस धरणार 1 ऑक्टोबरपासून, आणि फी तिमाहीचीच घेतात म्हणून पैसे डिसेंबरपर्यंतचे. जुलैत सोडलेल्या क्लासचे! तिमाहीचे 9,000, वर 5,000 डिपॉझिट अडकलेलं. आणि त्याच फॉर्मवर खाली लिहिलंय की बॅच न कळवता कधीही बंद करायचा हक्क त्यांना आहे.

पैसे एकवेळ गेले तर गेले. पण घरात सगळ्यांचं एकच, भरलेच आहेत तर सप्टेंबरपर्यंत जाऊ दे की तिला. हे ऐकलं आणि मला तूच दिसलीस, काकांनी वर्षाची फी भरली म्हणून मार्चपर्यंत पेटीच्या क्लासला रडत जाणारी, आणि मी नागनाथ पाराशी दोन्ही सायकली धरून उभी. (पेटी अजून माळ्यावरच आहे का गं? उंदीर एव्हाना विशारद झाले असतील.) पळून तळजाईला जाऊ म्हटलं तर तू आली नाहीस, त्यावरून परीक्षा संपेपर्यंत अबोला. मला अजून वाटतं तू यायला हवं होतंस. सईला मी पाठवणार नाही, एक दिवससुद्धा नाही.

1915 ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइनला, मराठीत बोलता येतं. ते तक्रार क्लासकडे पाठवतात, निकाल काही देत नाहीत. 2019 च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याच आहे, एकाच बाजूने सबळ कारण नसताना करार मोडायची मुभा ठेवणं त्यात येतं, वाजवीपेक्षा फार जास्त डिपॉझिट मागणंही येतं. फक्त करारच अन्याय्य आहे म्हणायचं तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एवढ्या पैशासाठी कोण जाणार, हे त्यांनाही पक्कं माहीत असणार, याचाच मला जास्त संताप येतो.

यूपीआयचा ऑटोपे अॅपमधून रद्द केलाय. तू बँकेत आहेस म्हणून विचारते, पैसे कापायचे थांबतील, पण त्यांच्या वहीत बाकी माझ्या नावावर राहणारच ना? त्यांना पाठवायचा मेल आधी तुला पाठवतेय, जिथे जिथे मी नरमलेय तिथे खूण कर.

बदलीचं काय झालं, नाशिक मिळतंय का? पिल्लूचा दात पडला म्हणे, फोटो पाठव. फोन साडेनऊनंतर कर, सईसमोर हे बोलायचं नाहीये मला.

तुझी,
वैशू