पवनारचा घाट स्वच्छ ठेवा

आश्रम म्हटले की हल्ली भव्य मंडप आणि देणगीचे फलक डोळ्यांपुढे येतात. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर त्यात बसत नाही. ब्रह्मविद्येचा अधिकार स्त्रियांनाही आहे, हे त्यांनी तिथे कृतीत आणले. आश्रमातल्या साधक बहिणी शेती, स्वयंपाक, झाडलोट स्वतः करतात. निर्णय सर्वसहमतीने घेतात.

परवा गेलो तेव्हा साडेदहाला विष्णुसहस्रनाम सुरू झाले. एक वयस्क बहीण हाताची माती धुऊन शांतपणे येऊन बसली. मला भरून आले. खाली घाटावर मात्र सहलीकरांच्या बाटल्या आणि पत्रावळ्या पडलेल्या. येणाऱ्यांनी आपला कचरा सोबत न्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वर्धा