ओआरएसची पुडी गिलासभर पाण्याची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या शेवटी टँकरचं पाणी, आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर आडात-विहिरीत उतरलेलं गढूळ पाणी. मराठवाड्यात लेकरांना ढाळ-वांती लागते ती मुख्यतः या दिवसांत. वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘ओआरएस पाजा’, म्हणजे पुडीतली मीठ-ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजा, एवढी ओळ येते. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. पुडी आज खेड्यापाड्यांत पोचली, ती कालवायची कशी हे पोचलं नाही. म्हणून पुडी घरात असूनही लेकरू सुकतं.

मुळात पुड्या दोन मापांच्या येतात. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळते ती मोठी, साधारण २०.५ ग्रॅमची, ती पूर्ण १ लिटर पाण्यात टाकायची. मेडिकलमध्ये चार-साडेचार ग्रॅमची छोटीही मिळते, ती २०० मिलीसाठी. घरोघरी होतं ते असं: मोठी पुडी फोडायची, चमचाभर पावडर गिलासात टाकायची आणि उरलेल्या पुडीला घडी घालून ती फळीवर ठेवायची. पावडर ओल धरते, तिचे खडे होतात. शिवाय त्या चमच्यात मीठ किती आलं नि ग्लुकोज किती, हे कुणालाच सांगता येत नाही. याहून वाईट म्हणजे ‘ताकद जास्त येईल’ म्हणून अख्खी मोठी पुडी एका गिलासात कालवणं. ते पाणी पाचपट तीव्र होतं. रक्तातलं सोडियम वाढतं, लेकराची तहान भागत नाही, ते किरकिर करतं, आणि प्रमाण फारच वाढलं तर झटके येतात. उलट खारट लागतं म्हणून दीड-दोन लिटर पाणी घातलं तर क्षार कमी पडतात. चवीसाठी वरून साखर, दूध किंवा सरबताची पावडरही घालू नये.

खरी अडचण मापाची आहे. आपल्याकडे पाणी तांब्याने मोजतात, आणि कुठलाही तांब्या दुसऱ्या तांब्याएवढा नसतो. फुलपात्राचं तेच. यावर सोपा उपाय आहे. १ लिटरची पाण्याची बाटली एकदा गळ्यापर्यंत भरून घरातल्या एका पातेल्यात ओतायची. पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवायची. दुसऱ्या एखाद्या वाटीवर अशीच १०० मिलीची खूण करून ठेवली तर लेकराने किती प्यालं हेही कळतं. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना ही रेघच कामाला येते.

पाणी उकळून गार केलेलं असावं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते टिपाडात साठवलेलं असतं, अशा घरी तर उकळायलाच हवं. उकळणं शक्य नसेल तर दुहेरी कापडातून गाळून त्यात मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकावेत आणि अर्धा तास थांबावं. थंड पाण्याचे जार विकत मिळतात. ते पाणी गार असतं, शुद्ध असेलच असं नाही. साबणाने हात धुऊन पुडी पूर्ण रिकामी करायची, विरघळेपर्यंत ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. कालवल्यावर पुन्हा तापवायचं नाही. २४ तासांनंतर उरलेलं फेकून नवीन करायचं. फेकताना जीव हळहळतो, पण अशा पाण्यात जंतू वाढतात.

पाजायचं वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. प्रत्येक पातळ संडासनंतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पाच चमचे, दोन महिने ते दोन वर्षांपर्यंत ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. (दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हे देत देतच दवाखाना गाठावा.) ‘ओआरएस पोटात राहतच नाही, लगेच उलटतं’ ही तक्रार नेहमीची. तहानलेलं लेकरू गिलास हाती लागला की गटागट पितं, पोट एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे. घरातल्या दोघा-तिघांनी पाळीपाळीने करावं. एकट्या आईवर टाकलं की ती पाचव्या चमच्याला थकते आणि मग सलाईनची मागणी सुरू होते.

सलाईनबद्दल थोडं स्पष्ट लिहिलं पाहिजे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज वगैरे मोजून पिशव्यांत भरलं, पिंपात पाणी कालवलं आणि ते नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. त्याआधी तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत घेऊन आत शिरतं आणि दोघांमागून पाणी शोषलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. म्हणून दोघांचं प्रमाण जुळलेलं लागतं. आजच्या सूत्रात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या लेकराला सुई टोचून मिळणारं बहुतेक सगळं या पाण्यातून मिळतं.

हे प्रमाण मोडतं ते तयार डब्यांनी. मेडिकलच्या काउंटरवर संत्र्याचं, सफरचंदाचं चित्र असलेली पेयं वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून खपली. त्यांतल्या अनेकांत लिटरला शंभर ग्रॅमहून जास्त साखर. एवढी साखर आतड्यात गेली की ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. नाव बदललं म्हणून सवय बदलत नाही. ‘डबा द्या’ म्हणणारे आणि देणारे अजून आहेत. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, तेवढं पाहावं. पुडी मिळेपर्यंत घरचं चालतं: १ लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट करूनच घ्यावा, कारण धोका मीठ जास्त होण्याचा असतो.

ओआरएससोबतच्या झिंकच्या गोळ्या मात्र बहुतेक घरांत अर्ध्यावर राहतात. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलीग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात चमच्यात विरघळवून. हे १४ दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संडास घट्ट झाली की पाकीट बाजूला पडतं. उरलेल्या गोळ्यांचं काम पुढच्या दोन-तीन महिन्यांतला जुलाब टाळण्याचं असतं, हे देणाऱ्याने सांगितलेलंच नसतं.

खाणं बंद करू नये. अंगावरचं दूध तर मुळीच नाही. मऊ मुगाची खिचडी, दही-भात, केळं, वरून चमचाभर तेल चालतं. थोडं थोडं, पण जास्त वेळा. केवळ अंगावर पिणारं तान्हं दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, पातळसर शी करतं आणि वजन धरतं, त्याला जुलाब म्हणत नाहीत. संडास बांधणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लेकरांना देऊ नयेत. आतडं थांबतं, आजार आतच राहतो. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला अँटिबायोटिकही बहुतेक वेळा लागत नाही.

आता टाळूचं. तान्ह्याची टाळू खाली गेली की ‘टाळू पडली’ म्हणून तिच्यावर तेल भरण्याची रीत अजून चालू आहे. टाळू खोल जाणं ही अंगातलं पाणी संपत आल्याची खूण आहे. वरून तेल घातलं म्हणून ती भरत नाही. पोटात पाणी गेलं की आपोआप वर येते. तेल भरण्यात जातात ते दोन तास महागात पडतात. पोटावर बिब्ब्याचे चटके देण्याबद्दल लिहायलाही नको वाटतं. त्याने जुलाब थांबत नाही आणि जखम वर होते. दात येताहेत म्हणून जुलाब हेही खरं नाही. त्या वयात लेकरू हाती लागेल ते तोंडात घालतं, म्हणून होतो.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, लेकरू सुस्त पडलं किंवा पिऊच शकत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, संडासमध्ये रक्त, किंवा झटका आला, तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करून निघावं आणि लेकरू गिळत असेल तर वाटेत चमचा चालू ठेवावा. डायपर असेल तर आजारपणात काढून कापडाची लंगोट घालावी. डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी एक होऊन जातात आणि लघवी शेवटची कधी झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सगळे जुलाब तिने टळत नाहीत, पण तान्ह्यांना सर्वांत जास्त सुकवणारा जुलाब बराच आटोक्यात येतो.

आरोग्य विभागाला विनंती एवढीच, की पुड्या वाटण्याची मोहीम मृगाच्या आधी व्हावी, आणि आशाताईंनी घरात पुडी देऊन पुढे न जाता त्या घरच्याच पातेल्यात १ लिटर ओतून रेघ ओढून द्यावी. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यांच्या कामाच्या यादीत त्याची नोंद आणि मोबदला असल्याशिवाय ते होणार नाही. औषध दुकानदारांनी पुडी देताना तिच्यावरच्या ‘१ लिटर’ किंवा ‘२०० मिली’ या आकड्याभोवती पेनने गोल करून द्यावा.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, परभणी