गाडीच्या तारखेचा रकाना

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

स्वतःच्या गाडीने देशोदेशी जाण्याच्या तुझ्या प्रवासाचा मार्गाचा तक्ता दोनदा नीट वाचला. देश, मुक्काम, किलोमीटर, व्हिसाची मुदत, सगळं आहे. एक रकाना मात्र मुळातच नाही: गाडीच्या कागदाची, म्हणजे कस्टम्सने तिला दिलेल्या तात्पुरत्या परवान्याची, मुदत. तुझा शिक्का इमिग्रेशन मारतं, गाडीचा कस्टम्स. दोन खिडक्या, दोन कायदे, दोन तारखा. त्यांतली जी आधी संपते, तीच तुझी खरी तारीख.

ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चौघांत मिळून माणसाला ९० दिवस मिळतात. गाडीचा परवाना मात्र दर सीमेवर रद्द करून पुढच्या देशात नव्याने काढावा लागतो. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया यांचं नेमकं उलट. तिथे माणसाचे दिवस प्रत्येक देश आपापले मोजतो, पण कस्टम्सचा संघ एकच. रशियातून कझाकस्तानात जाताना कस्टम्सची खिडकीच लागत नाही, म्हणून संघात पहिल्यांदा शिरताना मिळालेल्या कागदावरची तारीख पुढे तशीच चालू राहते. नवा देश लागला की नवी मुदत मिळाली असं धरून चाललास, तर बाहेर पडताना अडकशील. तो कागद लिहिला जात असतानाच तारखेकडे लक्ष ठेव आणि पूर्ण प्रवासाला पुरेल एवढी मुदत तिथल्या तिथे माग. नंतर वाढवून घेणं फार जिकिरीचं असतं.

तुर्कीत गाडी तुझ्या प्रवेशाच्या नोंदीला बांधलेली असते. मध्येच विमानाने कुठे जायचं झालं, तर आधी कस्टम्सकडे गाडीची रीतसर व्यवस्था करावी लागते. मेक्सिकोत गाडीच्या परवान्यासाठी मॉडेलच्या वर्षाप्रमाणे २०० ते ४०० डॉलर अनामत घेतात. मुदतीच्या आत सीमेवर परवाना रद्द करून घेतलास तरच ती परत मिळते. तिथे बाहेर पडताना कोणी थांबवून विचारेलच असं नाही. खिडकी तुलाच शोधावी लागते. अनामत बुडते ती बहुतेक याच कारणाने.

आता कार्ने. ज्या देशांना कार्ने लागतं ते सगळे आधी वेगळे काढ: भारत, पाकिस्तान, इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया. कार्ने म्हणजे गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारं, सुट्या पानांवर शिक्के घ्यायचं पुस्तक. ते तुझ्या देशातला मोटार क्लब देतो आणि ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तू निवडलेल्या देशांवर ठरते, त्यामुळे जाण्याची खात्री नसलेला देश यादीत उगाच घालू नकोस. पानं ५, १० किंवा २५ अशी मिळतात. एका प्रवेशाला एक पान जातं, म्हणून देश मोजू नकोस, प्रवेश मोज. एकाच देशात दोनदा शिरणार असशील तर दोन पानं.

पानाचे तीन भाग असतात. आत जाताना खालचा भाग अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा तुझ्याजवळ राहतो आणि त्यावर प्रवेश आणि निर्गमन असे दोन्ही शिक्के हवेत. ही रीत तुला पाठ हवी, कारण लहान चौकीवरच्या अधिकाऱ्याने असं पान कधी पाहिलेलंही नसतं. चुकीचा भाग फाडला जातो, किंवा भाग फाडला जातो पण वरच्या भागावर शिक्का राहून जातो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर कागदोपत्री गाडी त्या देशातच आहे आणि कस्टम्स ड्युटीची मागणी क्लबमार्फत तुझ्या अनामतीवर येते. तसं झालंच, तर गाडी मायदेशी पोचल्यावर कार्नेच्या शेवटी असलेला ठावठिकाण्याचा दाखला तिथल्या कस्टम्सकडून भरून घ्यावा लागतो. खिडकीवर दोन मिनिटं थांबून पान तपासणं त्याहून कितीतरी सोपं. आणि जिथे कार्ने लागत नाही तिथे ते बाहेर काढूच नकोस. एक शिक्का पडला की दुसरा मिळवणं ओघाने आलंच.

खिडकीवर दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे चेसिस नंबर. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. म्हणजे गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक. हे माहीत नसल्याने टंकलेखनात शून्याचा ओ होतो आणि बाहेर पडताना संगणकात तुझी गाडीच सापडत नाही. आरसी, कार्ने आणि तात्पुरता परवाना यांतली सतराही अक्षरं बोट ठेवून जुळव. नंबरप्लेट आणि इंजिन नंबरही बघ. वाटेत इंजिन बदलावं लागलं, तर त्याची अधिकृत नोंद झाल्याशिवाय सीमा गाठू नकोस. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र हवं, तेही त्या त्या देशातल्या भाषेतल्या भाषांतरासह.

तारखांचंही तसंच. इराणमध्ये सौर हिजरी सन असतो, थायलंडचा सन आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे, इथिओपियाचा सात-आठ वर्षं मागे आणि त्यांच्या वर्षाला महिने तेरा. अशा कागदावरची मुदत खिडकीवरच इसवी सनात विचारून आपल्या वहीत लिहून ठेव.

आता चौक्या. नकाशावर रस्ता सीमा ओलांडताना दिसतो, पण ती चौकी परदेशी माणसाला आणि परदेशी वाहनाला खुली असेलच असं नाही. काही चौक्या फक्त त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी असतात, काही फक्त मालवाहतुकीसाठी. म्हणून "सीमा उघडी आहे का?" एवढं विचारणं पुरत नाही. आपल्या पासपोर्टवर, आपल्या वाहनासह, त्या वारी, अशी तिन्ही चौकशी एकत्र कर. आर्मेनिया आणि तुर्की यांची जमिनीवरची सीमा १९९३ पासून बंद आहे, मोरोक्को आणि अल्जीरियाची १९९४ पासून. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डारियनच्या जंगलात रस्ताच नाही. गाडी जहाजाने किंवा विमानाने पाठवावी लागते. किर्गिझस्तान-चीन सीमेवरच्या तोरुगार्तची चिनी चौकी शनिवार-रविवारी आणि चिनी सणांच्या सुट्ट्यांत बंद असू शकते, आणि चीनमध्ये स्वतःची गाडी चालवायला आधी ठरवलेला मार्गदर्शक, तात्पुरता परवाना आणि तिथली नंबरप्लेट लागते.

तुझ्या तक्त्यातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लार्सची. जॉर्जियातून रशियात जायला गाडीरस्त्याने चालू असलेली वाट ती एकच आहे, कॉकेशसमधल्या अरुंद दरीतून. हिवाळ्यात बर्फ, त्यानंतर हिमकडे आणि दरडी. रस्ता दिवसचे दिवस बंद राहतो आणि मागे ट्रकांची रांग लागते. तू तिथे मार्चमध्ये एकच दिवस धरला आहेस. मे अखेरीच्या पुढे ढकल, नाहीतर त्या दिवसाच्या मागेपुढे मिळून आठवडाभर तरी मोकळा ठेव. रशियाच्या व्हिसावर तारखा छापलेल्या असतील, तर हा आठवडा त्याच तारखांत बसला पाहिजे.

पामीरमधल्या, ताजिकिस्तान-किर्गिझस्तान सीमेवरच्या किझिल-आर्त खिंडीचा धोका वेगळा आहे. ४,२८० मीटर उंची आणि दोन चौक्यांमध्ये जवळजवळ वीस किलोमीटर कच्चा, जागोजागी वाहून गेलेला रस्ता. ताजिक बाजूने निर्गमनाचा शिक्का पडला आणि पुढच्या चौकीने नाकारलं, तर एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर परत फिरता येत नाही. म्हणून पुढच्या देशाची परवानगी हातात आल्याशिवाय मागच्याचा शिक्का घ्यायचा नाही, कुठेही. पामीरच्या त्या प्रदेशासाठी लागणारा गोर्नो-बदख्शानचा वेगळा परवाना व्हिसाबरोबरच काढ.

प्रत्यक्ष सीमेवर सकाळी चौकी उघडायच्या वेळी पोच. दोन बाजूंच्या घड्याळांत तासाचा फरक असू शकतो, जेवणाची सुट्टी वेगळी, आठवडी सुट्टीही वेगळी. बाहेर पडताना गाडीचा कागद रद्द झाला आणि तुझा शिक्का पडला, हे दोन्ही झाल्याशिवाय फाटक ओलांडू नकोस. पासपोर्ट, आरसी आणि लायसन्स यांच्या वीस-वीस झेरॉक्स ठेव. मध्य अमेरिकेत नव्या शिक्क्याच्या पानाचीही प्रत मागतात, म्हणून सुटे पैसे जवळ हवेत. मदतनीस घेतलास तर रक्कम आधी ठरव, आणि मूळ कागद त्याच्या हाती देऊन नजरेआड होऊ देऊ नकोस. पैसे मागितले की पावती माग, शांतपणे, आवाज न चढवता.

विम्याचं थोडक्यात. युरोप आणि आसपासच्या देशांत ग्रीन कार्ड हा गाडीच्या विम्याचा दाखला चालतो. २०२० पासून ते पांढऱ्या कागदावरही छापतात, तेव्हा रंगाकडे न बघता देशांच्या चौकोनांकडे बघ: खोडलेल्या देशात विमा लागू नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कोमेसा या तिथल्या व्यापारी संघाचं यलो कार्ड चालतं. बाकी ठिकाणी सीमेवरच विकत घ्यायचा.

आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं एक वर्ष चालतं, १९६८ च्या करारातलं तीन वर्षांपर्यंत. कोणत्या देशाला कोणतं लागतं ते बघून गरज पडल्यास दोन्ही घे. पीतज्वराची लस प्रवेशाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घे. दाखला आता आयुष्यभर चालतो. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली औषधं नेऊच नकोस, बाकीची मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ने. ड्रोन मोरोक्को आणि इजिप्तमध्ये जप्त होतं, आणि उपग्रहावर चालणारा संदेशवाहक विनापरवाना भारतात नेणं गुन्हा आहे. नवे टायर सामानावर बांधून नेलेस तर आयात माल धरून ड्युटी मागू शकतात. शक्य असेल तर सीमेआधीच चढव.

तक्त्यात तो रकाना घाल, त्यात प्रत्येक देशासमोर गाडीची शेवटची तारीख लिही आणि लार्सचा आठवडा मोकळा करून मला परत पाठव. कार्नेचा अर्ज त्यानंतरच भर. पानं किती लागतील ते तेव्हाच कळेल.

तुझा,
अविनाश