आरशामागची ट्यूब

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या खाजेचा विषय काढला की बाबा, तुम्ही फोन आईकडे देता. आणि आई, तुझं दूध नेमकं तेव्हाच उतू जायला लागतं. म्हणून लिहून पाठवते. दोघांनी चष्मा लावून, सावकाश वाचा.

गेल्या महिन्यात नाशिकला इंदिरानगरच्या घरी आले होते, तेव्हा बाथरूमच्या आरशामागे खाजेच्या मलमाच्या तीन ट्यूबा दिसल्या. दोन पिळून संपवलेल्या, एक अर्धी. बाबा जरा पाय फाकवून चालत होते. रात्री दोन वाजता आई उठून अंगावर पाणी घेत होती, तेही मी ऐकलं. तेव्हाच विचारायला हवं होतं. माझाही धीर झाला नाही.

त्या अर्ध्या ट्यूबवरचं बारीक अक्षर मी वाचलं. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल. हे तिसरं म्हणजे फार जबर स्टेरॉइड. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला जांघेत बुरशीचं गजकर्ण झालं होतं. तुम्हाला बोलले नव्हते. मीही मेडिकलमधून अशीच ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, मी खूश. लावणं सोडलं की दुप्पट खाज, की परत ट्यूब. महिन्याभरात चट्टा मांडीवर उतरला. मग त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं की स्टेरॉइड खाज आणि लाली दाबून टाकतं, पण बुरशी मारत नाही. शरीराचा तिच्याशी चाललेला झगडाच थंडावतो आणि ती आतून पसरत राहते. बरं व्हायला मला चार महिने लागले. कातडी पातळ होऊन मांडीवर ज्या रेघा उमटल्या, त्या अजून आहेत.

बाबा, पुढचं लिहिताना मला संकोच वाटतोय, तरी लिहिते. तिथली कातडी हातापायासारखी नसते. वृषणावरची कातडी हातावरच्या कातडीपेक्षा स्टेरॉइड 40 पटींहून जास्त शोषून घेते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात, हे आपल्या आरशामागे दिसलंच.

आणखी एक गोष्ट. तुमची साखरेची गोळी बदलल्याचं आईने सांगितलं होतं. मी पाकीट पाहिलं, डॅपाग्लिफ्लोझिन आहे. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. गोळी चांगलीच आहे, पण लघवीतल्या त्या साखरेवर बुरशी पोसते आणि लघवीच्या जागी लाली, आग, खाज सुरू होते. बऱ्याच जणांना होतं हे, आणि उपचारही सोपे आहेत. मनाने गोळी बंद करू नका. साखरेच्या डॉक्टरांना त्रास नेमका कुठे होतो ते स्पष्ट सांगा. नुसतं 'जरा खाज येते' म्हणालात तर ते हातावरची समजतील. तोवर प्रत्येक वेळी लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडी करा. कृषीनगरच्या ट्रॅकवरून आलात की घामाच्या कपड्यांत पेपर वाचत बसू नका. अमावस्येला रामकुंडावर स्नान झालं की ओल्या अंगावरच लेंगा चढवता, तेही नको.

आई, तुझं वेगळं असू शकतं. पाळी गेल्यावर तिथली कातडी कोरडी आणि नाजूक होते. त्यात तू मगभर पाण्यात अँटिसेप्टिक टाकतेस. स्वच्छतेच्या भावनेने करतेस, कळतं मला, पण त्या आगीला तेच कारण असेल. वासाचा साबणही तिथे नको. कोमट पाणी पुरे, कढत नको. कढत पाण्याने घटकाभर बरं वाटतं आणि मग जास्त खाजतं. कडुलिंबाचा पाला, लिंबू, कापूर, यातलं काहीही लावू नकोस. खूप खाजलं तर गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेव. छातीखाली आणि पोटाच्या वळीत घाम साठतो, तिथे पावडरचे गोळे होतात. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घडी करून ठेव, ओला झाला की बदल.

तिथे कातडी पांढरट, चुरगळलेल्या कागदासारखी दिसत असेल, किंवा इतक्या वर्षांनी अंगावरून रक्ताचा डाग जरी दिसला, तरी मला त्याच दिवशी फोन कर. रात्री असला तरी. पांढऱ्या चट्ट्यांच्या एका आजारात हेच जबर स्टेरॉइड योग्य औषध असतं. बुरशीला तेच वाढवतं. औषध एक आणि परिणाम असे उलटे, म्हणूनच कोणीतरी आधी नीट बघायला हवं. आरशात बघून किंवा शेजारच्या काकूंना विचारून हे ठरत नाही.

पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळत नाहीत, दमटच घातले जातात. आतले कपडे दोघांचे वेगवेगळे धुवा आणि घालण्याआधी इस्त्री फिरवा. टॉवेलही वेगळे. बाबांचं गजकर्ण असेल तर आईला लागायला वेळ लागत नाही.

शनिवारी सकाळच्या बसने येते. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आईसाठी बाईच डॉक्टर बघितल्या आहेत. बाबांच्या तपासणीला मी आत येणार नाही, बाहेर बसेन. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दुखत नाही. तोवर ट्यूब लावू नका. सोडल्यावर काही दिवस भडकेल, पण घाबरून परत हात लावू नका. फेकूनही देऊ नका. तिन्ही ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा, डॉक्टरांना दाखवायची आहेत.

तुम्ही आम्हाला लहानपणी अंघोळी घातल्या, गळवं धुतली, कधी नाक मुरडलं नाही. आता माझ्यापासून लपवू नका.

तुमची लेक