सोम आणि टेंगेचे भाव पण छापा की

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की आपल्या लातूर नांदेडात चौकाचौकात बोर्ड लागतेत, किर्गिस्तानात डॉक्टर व्हा, कझाकस्तानात डॉक्टर व्हा, आणि पेपरात पण जाहिरातींची पानंच्या पानं येतेत. माझी पोरगी किर्गिस्तानच्या राजधानीत, बिश्केकला शिकायलीय म्हणून मी हे सगळं नीट वाचत असतो. त्यात कॉलेजचा फोटो असतो, होस्टेल असतं, इंडियन मेस असते, फक्त तिकडच्या पैशाचा भाव आजवर कसा कसा फिरला ते कुठंच नसतं. सेमिनारमध्ये एवढंच सांगतेत की किर्गिस्तानचा एक सोम म्हणजे जवळपास एक रुपया आणि कझाकस्तानचा एक टेंगे म्हणजे पंधरा-वीस पैसे, म्हणजे कझाकस्तानातलं अलमाटी शहर लै स्वस्त. आणि शेती विकून पोराला पाठवणारा बाप हे खरं धरून घरी जातो, म्हणून हे पत्र लिहितोय.

एका टेंगेला किती पैसे पडतेत यावरून गाव स्वस्त का महाग ते ठरत नसतं, अलमाटीत साध्या फ्लॅटचं महिन्याचं भाडंच लाखाच्या वर टेंगे असतं. बघायचं असतं ते हे की भाव कसा पडत आला. सोव्हिएत युनियन मोडल्यावर पण दोन्हीकडं रूबलच चालू होता. किर्गिस्ताननं १० मे १९९३ ला सोम काढला, २०० रूबलला एक सोम. कझाकस्ताननं १५ नोव्हेंबर १९९३ ला टेंगे काढला, ५०० रूबलला एक, आणि तेव्हा डॉलर पावणेपाच टेंगेला मिळायचा. आज त्याच डॉलरला पाचशेच्या घरात टेंगे लागतेत. सोम डॉलरला चारच्या आसपास सुरू झाला तो सत्त्याऐंशीवर आलाय.

दोघं शेजारी, पण पडायची पद्धत एकदम वेगळी. १९९८ ला रशिया आर्थिक संकटात बुडाला तेव्हा सोम लगेच घसरायला लागला, कझाकस्ताननं मात्र एप्रिल १९९९ पर्यंत भाव धरून ठेवला आणि मग सोडला. पुढं पण तेच, फेब्रुवारी २००९ ला टेंगे डॉलरला १२० वरून १५० वर, ११ फेब्रुवारी २०१४ ला १५५ वरून १८५ वर, दोन्ही वेळेला एका झटक्यात. तरी सोम पण मागं मागं घसरत असल्यानं कितीतरी वर्षं एका सोमला तीन-साडेतीन टेंगे हाच हिशोब राहिला. खरा दणका २० ऑगस्ट २०१५ चा. कझाकस्तानची कमाई ज्यावर, ते तेल २०१४ च्या मध्यात बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं ते पन्नासच्या खाली आलेलं, रूबल आधीच कोसळलेला, रशियाचा माल स्वस्त झाल्यामुळं कझाक लोक गाड्यासुद्धा तिकडून आणायला लागलेले, आणि कझाकस्तानची सेंट्रल बँक डॉलर ओतून ओतून टेंगेचा भाव धरून बसलेली. त्या दिवशी तिनं हात काढून घेतला आणि १८८ चा टेंगे एका दिवसात २५५ वर गेला. ज्यांनी डॉलरमध्ये घरकर्ज घेतलं होतं त्यांची घरं धोक्यात आली, लोक रस्त्यावर उतरले.

आणि किर्गिस्तान बरोबर आठ दिवस आधी, १२ ऑगस्टला, रशिया-कझाकस्तानच्या युरेशियन युनियनमध्ये, म्हणजे त्यांच्या सामायिक व्यापार संघात, गेला होता, बॉर्डरवरची कस्टम तपासणी बंद झाली होती. एका सोमला तीनाच्या जागी चार टेंगे झाले, वर्षअखेरपर्यंत साडेचार. म्हणजे बिश्केकच्या दोर्दोय बाजारात येणाऱ्या कझाक गिऱ्हाइकाला माल महाग, आणि किर्गीझ माणसाला पलीकडं जाऊन आणणं स्वस्त. आज हा भाव सहाच्या आसपास आहे. किर्गिस्तानकडं तेल नाही, कुमतोरची सोन्याची खाण आहे आणि रशियात मजुरीला गेलेली माणसं घरी पैसा पाठवतेत त्यावर खूप काही चालतं. तिथली सेंट्रल बँक सोमला हळूहळू खाली येऊ देते, म्हणून तो शांत दिसतो.

आता आपल्या पालकांचं. ऑगस्ट २०१५ ला डॉलर साधारण ६५ रुपयांना होता आणि सोम पण डॉलरला साठ-पासष्टच्या दरम्यान, म्हणजे तेव्हा पण एक सोम म्हणजे एक रुपयाच! दहा वर्षांनी पण तेच, म्हणून सांगणारे म्हणतेत भाव फिक्स आहे, काळजी नको. अहो, फिक्स कुठलं, सोम आणि रुपया दोघं मिळून डॉलरपुढं खाली आलेत. जेवणखाण, भाडं सोममध्ये जातं तिथं फार फरक पडत नाही, पण फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये ठरते. वर्षाला ४००० डॉलर धरले तर ६५ च्या भावानं २ लाख ६० हजार, ९० च्या भावानं ३ लाख ६० हजार. टेंगे पडला काय, सोम पडला काय, डॉलरच्या फीमध्ये आपल्याला एक रुपयाचा फायदा नाही, आणि एनएमसीच्या (आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२१ च्या नियमानं कमीत कमी ५४ महिने शिक्षण अन् वर १२ महिने इंटर्नशिप, म्हणजे पाच-सहा वर्षं ही जोखीम घरच्यांच्याच डोक्यावर.

म्हणून विनंती अशी की ॲडमिशनच्या दिवसात, जून ते सप्टेंबर, सोयाबीन-तुरीच्या बाजारभावाशेजारी आठवड्यातून एकदा डॉलर, सोम आणि टेंगेचा रुपयातला भाव छापा, आणि त्याच्याखाली पाच वर्षांपूर्वीचा अन् दहा वर्षांपूर्वीचा. आणि परदेशी मेडिकलची जाहिरात घेताना फी कुठल्या चलनात आहे आणि वाढलेल्या भावाचा फरक कोण भरणार, ह्या दोन ओळी त्यात असल्याशिवाय ती घेऊ नका.

आपला,
एक पालक, अहमदपूर (जि. लातूर)